माळावरच्या भाषा : रेड क्लाउड आणि विला कॅथर

अमेरिकेच्या नकाशावर मधोमध बोट ठेवले, तर ते नेब्रास्का आणि कॅन्सस या दोन राज्यांच्या आसपासच कोठेतरी टेकते. या दोन राज्यांच्या सीमेलगत, नेब्रास्काच्या बाजूला, रिपब्लिकन नावाच्या नदीच्या काठी रेड क्लाउड हे गाव आहे. गाव म्हणजे आपल्याकडील एखाद्या आठवडा-बाजाराच्या खेड्याएवढे. २०२० च्या शिरगणतीत तेथील वस्ती हजाराच्याही आत भरली. मोठा कारखाना नाही, देवस्थान नाही, किल्ला नाही. तरीही दरवर्षी दूरदूरची माणसे या गावात येतात, एका जुन्या घराच्या माळ्यावरची लहानशी खोली पाहतात, गावाबाहेरच्या गवतात तासन् तास फिरतात आणि परत जातात. या खोलीत एक मुलगी राहत असे. पुढे तिने कादंबऱ्या लिहिल्या आणि त्यांपैकी सहांत तिने हे गाव निरनिराळ्या नावांनी वसवले. कोठे ते हॅनोव्हर आहे, कोठे ब्लॅक हॉक, कोठे मूनस्टोन, फ्रँकफर्ट, स्वीट वॉटर, हॅव्हरफर्ड. त्या मुलीचे नाव विला कॅथर.

सीमेवरचे गाव म्हटले की आपल्या भागातील वाचकाचे कान टवकारणारच. पण रेड क्लाउडजवळच्या राज्यसीमेवरून कोणी भांडले नाही. तेथील खरी सीमा गावाच्या आणि शेतांच्या आत होती, एका घराची भाषा शेजारच्या घराला समजत नव्हती. इंग्रजी साहित्य शिकवताना विद्यार्थ्यांच्या मनात पक्के बसलेले एक चित्र मला नेहमी भेटते : अमेरिका म्हणजे इंग्रजी बोलणाऱ्यांचा देश, आणि तेथील पहिले वसाहतकरी म्हणजे टोपी घातलेले, घोड्यावर बसलेले, इंग्रजीत शिव्या देणारे लोक. हे चित्र चित्रपटांनी दिले आहे. कॅथरबाईंचे पुस्तक उघडले की ते पहिल्या पन्नास पानांतच ढासळते. ते कसे, हे सांगण्यासाठी प्रस्तुत लेख आहे.

आधी गावाच्या नावाविषयी. रेड क्लाउड, म्हणजे तांबडा मेघ, हे लाकोटा जमातीच्या एका पुढाऱ्याचे नाव. १८६६ ते १८६८ या काळात त्याने अमेरिकन सैन्याशी असा लढा दिला, की सरकारला आपली तीन ठाणी सोडून माघार घ्यावी लागली. १८७१ मध्ये सायलस गार्बर नावाच्या माणसाने आपल्या सोबत्यांसह नदीकाठी हे गाव वसवले, तेव्हा तो पुढारी हयात होता, आणि पुढे १९०९ पर्यंत जगला. ज्यांच्या हातून भूमी काढून घ्यायची त्यांचेच नाव तिला द्यायचे, हा प्रकार अमेरिकेत जागोजाग आढळतो. शिवाय या नदीकाठची जुनी वस्ती लाकोटांची नव्हती, ती पॉनी लोकांची होती. रेड क्लाउडपासून काही मैलांवर, गाइड रॉकजवळ, त्यांच्या एका मोठ्या गावाची जागा सापडली आहे. १८०६ मध्ये लेफ्टनंट झेब्युलन पाइक याने ज्या पॉनी गावाला भेट दिली ते हेच, असे मानले जाते. पॉनींनी प्लॅट नदीच्या दक्षिणेकडील भूमी १८३३ च्या तहाने सोडली आणि १८७० नंतरच्या काही वर्षांत उरलेल्यांची रवानगी आज ओक्लाहोमा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या प्रदेशात झाली. म्हणजे गार्बरची मंडळी आली तेव्हा माळ मोकळा ‘होता’ असे नव्हे, तो मोकळा करून ठेवलेला होता. कॅथरबाईंच्या नेब्रास्कावरील कादंबऱ्यांत पॉनी जवळजवळ नाहीतच. गवतात उमटलेले एक जुने रिंगण, पूर्वी येथे इंडियन घोडे फिरवीत असा एखादा उल्लेख, एवढेच. बाकी सर्व बाबतींत डोळस असलेल्या या लेखिकेची ही उणीव मला मोठी वाटते, आणि ती आरंभीच सांगून टाकलेली बरी.

आता हा मोकळा केलेला माळ वाटला कसा, हे पाहू. १८६२ मध्ये अब्राहम लिंकनने होमस्टेड कायद्यावर सही केली. एकवीस वर्षे पुरी झालेल्या किंवा कुटुंबप्रमुख असलेल्या कोणाही माणसाने किरकोळ शुल्क भरावे, १६० एकर जमिनीवर हक्क नोंदवावा, तेथे घर बांधून पाच वर्षे राहावे व जमीन कसावी, म्हणजे ती त्याच्या नावावर होई. १६० एकर म्हणजे ६,४०० गुंठे. ज्या मुलखात चार गुंठ्यांवरून सख्खे भाऊ कोर्टाची पायरी चढतात, तेथील वाचकाला हा आकडा स्वप्नवत वाटेल. युरोपातील कुळांनाही तो तसाच वाटला. अविवाहित स्त्रीलाही हक्क नोंदवता येई. अर्जदार परका असला तरी चाले, आपण अमेरिकेचे नागरिक होऊ इच्छितो एवढे त्याने लिहून दिले की पुरे. तुझी भाषा कोणती, हे त्या कायद्याने विचारलेच नाही. नागरिक होण्यासाठी इंग्रजी बोलता आले पाहिजे ही अट १९०६ मध्ये आली, तोपर्यंत बहुतेक माळ फोडून झाला होता.

जमिनीची मोजणी मात्र निष्ठुर होती. सरकारी मोजणीदारांनी सारा मुलूख एक मैल लांब व एक मैल रुंद अशा चौकोनांत कापला. अशा एका चौकोनास ‘सेक्शन’ म्हणत, त्यात ६४० एकर. त्याचा चतुर्थांश, म्हणजे १६० एकर, हा एका कुटुंबाचा वाटा. ओढा असो, टेकाड असो, मोजणीची रेघ सरळच जाणार, आणि पुढे रस्ते निघाले ते बहुधा याच रेघांवरून. आपल्याकडे गावाभोवती शेते असतात, संध्याकाळी माणूस गावात परततो, ओट्यावर बसतो, चार शब्द बोलतो. येथे प्रत्येकाने आपापल्या चौकोनात राहिले पाहिजे असा कायदाच होता. शेजारी अर्ध्या मैलावर, आणि तोही बहुधा वेगळ्या भाषेचा. या एकांताची कल्पना आल्याशिवाय पुढची हकीकत समजणार नाही.

मग आली आगगाडी. बर्लिंग्टन कंपनीचा लोहमार्ग १८७९ मध्ये रेड क्लाउडला पोचला. नेब्रास्कात या कंपनीला सरकारकडून वीस लाख एकरांहून अधिक जमीन मिळालेली होती. ती विकायची आणि रुळांवरून धान्य वाहून पैसा मिळवायचा, तर माणसे हवीत. म्हणून कंपनीने युरोपात जर्मन, झेक, स्वीडिश अशा भाषांत जाहिराती छापून वाटल्या. त्या वाचून माणसे निघाली. बोहेमिया, म्हणजे आजचे झेक प्रजासत्ताक, येथून, स्वीडन, नॉर्वे, डेन्मार्कमधून, जर्मनीतून. कॅनडाकडून फ्रेंच भाषिक आले. रिपब्लिकन आणि लिटल ब्लू या दोन नद्यांमधल्या उंच पठारावर हे सगळे विखुरले. या पठारास तेथील लोक नुसते ‘डिव्हाइड’ म्हणत.

तेथे लाकूड नव्हते. झाडे फक्त ओढ्यांच्या काठी. मग घर कशाचे? त्या माळाचे गवत साधे नव्हे. ब्लूस्टेम जातीचे उंच गवत माणसाच्या खांद्याला लागते आणि त्याची मुळे जमिनीत दोन-दोन मीटर खोल जातात. वरचा थर मुळांनी असा विणलेला असतो, की नांगराने त्याची सलग पट्टी उचलता येते. ही पट्टी कुदळीने दोन-तीन फुटांच्या तुकड्यांत तोडायची, गवताची बाजू खाली ठेवून विटांप्रमाणे रचायची आणि वर काटक्यांचे व मातीचेच छप्पर घालायचे. थट्टेने या मातीला ‘नेब्रास्काचा संगमरवर’ म्हणत. घर थंडीत उबदार आणि उन्हाळ्यात गार राही, पण पाऊस थांबल्यावरही आत दोन दिवस चिखल गळत राही, आणि भिंतीतून उंदीर व साप सहज बाहेर येत. ज्यांना एवढेही जमत नसे ते टेकडीच्या कुशीत बीळ खणून राहत. पाऊस सरासरीने वर्षाला चोवीस-पंचवीस इंच, तोही बेभरवशाचा. १८७० नंतरच्या दशकात टोळधाडी आल्या, १८९० नंतर अवर्षण आले आणि अनेकांनी गहाण पडलेली शेते सोडून दिली.

अशा मुलखात १८८३ च्या वसंतात, नऊ वर्षांची विला आपल्या आईवडिलांबरोबर आली. जन्म ७ डिसेंबर १८७३, व्हर्जिनियातील डोंगराळ, झाडीच्या प्रदेशातला. आजी-आजोबा व काका आधीच डिव्हाइडवर स्थायिक झाले होते. दीडेक वर्ष शेतावर काढून १८८४ मध्ये हे कुटुंब गावात राहावयास आले. वडिलांनी शेतकऱ्यांना कर्जे मिळवून देण्याची व विम्याची कचेरी थाटली. पण ते पहिले दीड वर्षच या मुलीला जन्मभर पुरले. ती घोड्यावर बसून शेजारच्या घरांत जाई आणि परदेशी म्हाताऱ्या बायका लोणी काढत, पाव भाजत असताना त्यांच्याजवळ बसे. त्यांना इंग्रजी येत नसे, हिला त्यांची भाषा येत नसे. तरी त्या बोलत आणि ही ऐके.

गावातही तिला शिक्षक मिळाले ते शाळेबाहेरच. वीनर नावाचे एक व्यापारी कुटुंब होते, नवरा-बायको जर्मन आणि फ्रेंच बोलत, त्यांच्या ग्रंथसंग्रहातून ही मुलगी हवे ते वाची. विल्यम डकर नावाचे एक इंग्रज गृहस्थ दुकानात काम करीत आणि फावल्या वेळी तिला लॅटिन व ग्रीक शिकवीत. अर्धे लोक चिखलाच्या घरात राहतात अशा मुलखातील दुकानात व्हर्जिल वाचला जात होता, हे विशेष. तिने डॉक्टर व्हायचे ठरवले होते, केस मुलांसारखे कापले होते आणि काही काळ ती सही ‘विल्यम कॅथर’ अशी करीत असे. गावातील औषधांच्या दुकानात काम करून तिने आपल्या माळ्यावरच्या खोलीसाठी गुलाबाच्या फुलांचा भिंतीचा कागद मिळवला आणि स्वतःच्या हाताने चिकटवला. तो कागद आजही त्या भिंतींवर आहे. १८९० मध्ये शाळेतून तीन विद्यार्थी उत्तीर्ण होऊन बाहेर पडले, त्यांत ती एक. त्या समारंभात, गावच्या ऑपेरा हाउसमध्ये, तिने अंधश्रद्धेविरुद्ध व शास्त्रीय शोधाच्या बाजूने भाषण केले. पुढे लिंकन येथील विद्यापीठ, मग पिट्सबर्ग, मग न्यूयॉर्क. ती पुन्हा रेड क्लाउडला राहावयास आली नाही, पाहुणी म्हणून मात्र वारंवार येत राहिली.

आता मूळ हकीकतीकडे वळतो. १८८० मध्ये बोहेमियातून सादिलेक नावाचे कुटुंब डिव्हाइडवर आले. बाप फ्रान्सिस मायदेशी संगीताचा शौकीन. येथे ना भाषा, ना संगीत, ना शेतीचा सराव. पहिल्याच हिवाळ्यात, १८८१ च्या आरंभी, त्याने आत्महत्या केली. कॅथलिक दफनभूमीत आत्महत्या केलेल्यास जागा नसते. म्हणून त्याला त्याच्याच जमिनीच्या कोपऱ्यावर, जेथे मोजणीच्या दोन रेघा एकमेकींना छेदतात तेथे, पुरण्यात आले. विला आली दोन वर्षांनी, पण तिने त्या मुलखात आल्यावर ज्या कथा प्रथम ऐकल्या त्यांत ही होती. १८९२ मध्ये, विद्यापीठात शिकत असताना, तिची पहिली कथा छापून आली. तिचे नाव ‘पीटर’. एक म्हातारा बोहेमियन वादक आपले व्हायोलिन मोडून टाकतो आणि स्वतःला गोळी घालून घेतो, एवढीच ती कथा. तो मृत्यू तिच्या मनातून गेला नाही. सव्वीस वर्षांनी, १९१८ मध्ये, तोच पुन्हा ‘माय आंतोनिया’ या कादंबरीत आला, आणि या वेळी तो योग्य जागी बसला. कादंबरीत त्या म्हाताऱ्याचे नाव शिमेर्दा आहे. त्याचेही थडगे कोपऱ्यावरच आहे. पुढे मोजणीच्या रेघांवरून रस्ते निघतात, पण थडग्यापाशी आले की ते किंचित वाकून जातात. तेवढी एक चौकट गवताची, कधीच न नांगरलेली, राहून जाते. वास्तवात सादिलेकचे अवशेष नंतर गावच्या दफनभूमीत हलवण्यात आले. कादंबरीकर्त्रीने रस्ता वाकवला. मोजणीदाराने तो कधी वाकवला नसता. या एका वाक्यासारख्या बदलात कॅथरबाईंची सारी कला मला दिसते.

मृताची मुलगी ॲना. कादंबरीतली आंतोनिया ती हीच. बाप गेल्यावर ती पुरुषासारखी नांगर धरू लागली, मग गावात मायनर कुटुंबाकडे मोलकरीण म्हणून राहिली. कॅथर आणि मायनर शेजारी-शेजारी, म्हणून दोघींची ओळख वाढली. पुढे एका रेल्वेतल्या माणसाने लग्नाचे वचन देऊन तिला डेन्व्हरला नेले आणि टाकले. ती परत आली, मुलीला जन्म दिला, तोंड लपवून बसली नाही. नंतर जॉन पावेल्का नावाच्या झेक शेतकऱ्याशी तिचे लग्न झाले, पोरांनी घर भरले, ब्लेडन गावाजवळ शेत उभे राहिले. ती १९५५ पर्यंत जगली. कॅथरबाईंनी तिच्याशी जन्मभर संबंध ठेवला आणि १९३० नंतरच्या मंदीच्या दिवसांत पावेल्का व इतर जुन्या शेजाऱ्यांना न्यूयॉर्कहून पैसे व भेटी पाठवल्या.

रेड क्लाउडमधील इंग्रजी बोलणाऱ्या घरांना या शेतावरच्या मुली खालच्या वाटत. त्यांचे उच्चार हास्यास्पद, त्यांचे बाप अडाणी, मग ते मायदेशी पंतोजी असले तरी! गावातले तरुण त्यांच्याबरोबर नाचत आणि लग्न मात्र आपल्यासारख्यांशी करीत. कॅथरबाई हे सारे कादंबरीत नोंदवतात आणि मग शांतपणे हिशेब मांडतात : या मोलकरणींच्या पगारांतून बापांची कर्जे फिटली, आणि पुढे मुलखातील भरभराटीची शेते त्यांच्याच हाती आली.

भाषेचा धागा मात्र वाचकांच्या हातून निसटतो, म्हणून त्यावर थोडे थांबतो. कादंबरीच्या आरंभीच आंतोनिया या नावाचा उच्चार कसा करावा याची तळटीप आहे. आघात पहिल्या अक्षरावर. इंग्रजी वाचकाने नाव आपल्या सोयीने मोडू नये, असा तो आग्रह. मग म्हातारा शिमेर्दा शेजारच्या घरी एक छोटे पुस्तक घेऊन येतो. त्यात दोन लिप्या आहेत, एक इंग्रजी, एक बोहेमियन. ते तो त्या घरच्या आजीच्या हातात ठेवतो आणि माझ्या आंतोनियाला शिकवा, अशी कळवळून विनवणी करतो. कादंबरीच्या नावातला ‘माझी’ हा शब्द प्रथम येतो तो या बापाच्या तोंडी. नवी भाषा नाकारणारा हा माणूस नव्हता. पण वीस वर्षांनी आपण आंतोनियाच्या घरी जातो तेव्हा काय दिसते? ती इंग्रजी बरेचसे विसरली आहे. घरात झेकच बोलतात आणि लहान पोरे इंग्रजी शिकतात ती शाळेत गेल्यावर. यात कोणाचेच वाटोळे झालेले नाही. थोरली मुले दोन्ही भाषांत सराईत आहेत. आमच्या कानडी विभागातील सहकाऱ्यांना आणि मला या प्रकरणात नवल वाटण्यासारखे काही दिसणार नाही, आपल्या कितीतरी घरांत हेच चालते.

नेब्रास्काच्या विधिमंडळाला मात्र ते पाहवले नाही. कादंबरी निघाली १९१८ च्या शरदात, आणि १९१९ च्या एप्रिलमध्ये राज्याने कायदा केला. पहिल्या महायुद्धाचा ज्वर अजून उतरला नव्हता. जर्मन बोलणारा तो शत्रू, आणि न समजणारी भाषा बोलणारा तो संशयित, अशी हवा होती. ‘सायमन कायदा’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या कायद्याने कोणत्याही शाळेत, मग ती सरकारी असो की खाजगी की चर्चची, इंग्रजीखेरीज अन्य भाषेतून कोणताही विषय शिकवण्यास बंदी घातली. परकी भाषा हा विषय म्हणून शिकवायची ती आठवी पुरी झाल्यावरच. पुढे राज्याच्या उच्चतम न्यायालयाने खुलासा केला की लॅटिन, ग्रीक, हिब्रू यांना ही बंदी लागू नाही. म्हणजे मेलेली भाषा चालेल, आईची चालणार नाही.

मे १९२० मध्ये हॅम्प्टन गावच्या एका ल्यूथरन शाळेत रॉबर्ट मेयर नावाचे शिक्षक दहा वर्षांच्या एका मुलाकडून जर्मन भाषेतील बायबलच्या गोष्टी वाचून घेत होते. दारात सरकारी वकील येऊन उभा राहिला. त्या क्षणी आपण इंग्रजीकडे वळलो असतो तर काही झाले नसते, असे मेयर यांनी नंतर सांगितले. ते वळले नाहीत. पंचवीस डॉलर दंड झाला. राज्याच्या न्यायालयाने तो कायम केला. मेयर यांचे अपील वॉशिंग्टनच्या सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि ४ जून १९२३ रोजी सात विरुद्ध दोन मतांनी न्यायालयाने कायदा रद्द ठरवला. जर्मन येणे ही गोष्ट अपायकारक मानता येत नाही, शिक्षकाला शिकवण्याचा आणि आईबापांना मुलाला काय शिकवावे हे ठरवण्याचा अधिकार आहे, असा निर्णयाचा आशय. विरोधी मत देणाऱ्यांत होम्स यांच्यासारखे नावाजलेले न्यायमूर्ती होते, हेही लक्षात ठेवावे. सर्वांची एक भाषा असावी यासाठी राज्याने हा प्रयोग करून पाहिला तर त्यात अवास्तव काही नाही, असे त्यांना वाटले. आपल्या राज्यघटनेत भाषिक अल्पसंख्याकांना स्वतःच्या शिक्षणसंस्था चालवण्याचा हक्क तिसाव्या अनुच्छेदाने स्पष्ट शब्दांत दिला आहे, आणि १९५६ च्या दुरुस्तीने मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाच्या सोयीचे कलम आले. अमेरिकेच्या घटनेत असे काहीच नव्हते. चौदाव्या दुरुस्तीतील ‘स्वातंत्र्य’ या एका शब्दात न्यायाधीशांना ही सारी जागा शोधावी लागली.

कॅथरबाई या वेळी स्वस्थ बसल्या नाहीत. ऑक्टोबर १९२१ मध्ये ओमाहा येथील व्याख्यानात त्यांनी या कायद्यावर उघड टीका केली. लहानपणी ज्याला दुसरी भाषा शिकू दिली नाही त्याला ती कधीच पुरी वश होणार नाही, असा त्यांचा मुद्दा होता, आणि तो कोणताही भाषाशिक्षक मान्य करील. १९२२ च्या ‘वन ऑफ अवर्स’ या कादंबरीत त्यांनी युद्धकाळात जर्मन शेतकऱ्यांना कसे छळले गेले ते दाखवले; या कादंबरीस १९२३ चे पुलित्झर पारितोषिक मिळाले. त्याच वर्षी सप्टेंबरात ‘द नेशन’ या नियतकालिकात नेब्रास्कावरील त्यांचा एक निबंध आला. आपल्या बालपणी एखाद्या रविवारी गाडी जुंपून निघाले तर नॉर्वेजियन, डॅनिश किंवा स्वीडिश चर्चमध्ये त्या त्या भाषेतील प्रवचन ऐकता येई, शेजारच्या परगण्यात फ्रेंच, आणखी एकीकडे झेक, जर्मन ल्यूथरनांकडे जर्मन, असे त्यात त्या सांगतात. हा प्रदेश रांगडा, संस्कृतिशून्य होता असे ज्यांना वाटे त्यांना हे उत्तर होते. संस्कृती होती, पण इंग्रजी बोलणाऱ्यांना ती ऐकू येत नव्हती.

न्यायालयाने कायदा रद्द केला, तरी भाषा परतल्या नाहीत, ही गोष्ट दुःखाची. चार वर्षांच्या धाकाने बऱ्याच शाळांनी आणि चर्चांनी आपण होऊन इंग्रजी स्वीकारली होती. आजच्या रेड क्लाउडमध्ये ही नाना भाषांची गजबज उरलेली नाही.

गावाने आपला वारसा जपायला घेतला तो कॅथरबाईंच्या मृत्यूनंतर. त्या २४ एप्रिल १९४७ रोजी न्यूयॉर्कमध्ये वारल्या आणि त्यांचे दफन दूर न्यू हॅम्पशायरमधील जाफ्री येथे झाले. मिल्ड्रेड बेनेट या शिक्षिका १९३२ मध्ये शेजारच्या इनव्हेल खेड्यात नोकरीस आल्या होत्या. जुन्या माणसांकडून त्यांनी आठवणी गोळा केल्या, १९५१ मध्ये पुस्तक लिहिले आणि १९५५ मध्ये काही जणांना जमवून स्मारक-संस्था स्थापन केली. कॅथरांचे घर, गार्बरने बांधलेली बँक, पावेल्का कुटुंबाचे शेतघर एकामागून एक जपले गेले. ऑपेरा हाउस दुरुस्त होऊन २००३ मध्ये पुन्हा उघडले. ७ जून २०२३ रोजी वॉशिंग्टनच्या कॅपिटॉलमध्ये नेब्रास्का राज्यातर्फे कॅथरबाईंचा पुतळा उभा राहिला. तो घडवला लिटल्टन ऑल्स्टन यांनी. त्या संग्रहात ज्यांची कृती आहे असे ते पहिले कृष्णवर्णीय शिल्पकार.

मला या सर्वांत महत्त्वाची वाटते ती गावाच्या दक्षिणेस पाच मैलांवरील ६१२ एकर जमीन. तेथे इमारत नाही, पुतळा नाही. ती कधीच नांगरली गेली नव्हती, म्हणून १९७४ मध्ये निसर्गरक्षण करणाऱ्या एका संस्थेने ती विकत घेतली आणि २००६ मध्ये स्मारक-संस्थेच्या हवाली केली. माळ जपायचा म्हणजे नुसता राखून ठेवायचा नव्हे. तो तसाच सोडला तर सीडरची झाडे माजतात आणि गवत मरते. म्हणून झाडे तोडावी लागतात आणि ठरावीक काळाने गवताला मुद्दाम आग लावावी लागते. जळून काळा झालेला माळ मुळांच्या जोरावर पुन्हा हिरवा होतो. पॉनी लोक हेच करीत असत.

ज्या विद्यार्थ्यांना कॅथरबाईंकडे वळावेसे वाटेल त्यांनी आरंभ ‘माय आंतोनिया’ने करावा. तीत कथानकाची ओढ कमी आहे, पहिली चाळीस-पन्नास पाने संथ वाटतील, ती सोडू नयेत. १९१३ ची ‘ओ पायोनिअर्स!’ आकाराने लहान आहे. ज्यांना कादंबरीला वेळ नाही त्यांनी ‘नेबर रोझिकी’ ही दीर्घकथा पाहावी. तिच्यातील म्हातारा झेक शेतकरी ॲनाच्या नवऱ्यावरून घेतलेला आहे. आणि कायद्याच्या वर्गातील मंडळींनी मेयर विरुद्ध नेब्रास्का हा निकाल मुळातून वाचावा. तो जेमतेम काही पानांचा आहे.